मेलेला डॉल्फिन पुरण्याआधी नखाएवढी कातडी घ्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कोकणच्या किनाऱ्याला डॉल्फिन मरून लागला की येणारी बातमी एव्हाना पाठ झाली आहे. गाव कोणते, लांबी किती फूट, वन विभागाचे कोण आले, पंचनामा झाला, जेसीबीने खड्डा काढून पुरला. मग चर्चा सुरू होते आणि तीत एक वाक्य हमखास येते: समुद्र काही एका गावाचा नाही, इथे दोन मेले तर गुजरातकडून चार येतील. हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ते खरे असू शकते, खोटेही असू शकते. त्याचा निकाल लावायला त्या प्राण्याच्या कातडीचा नखाएवढा तुकडा लागतो आणि नेमका तोच बहुतेक वेळा खड्ड्यात जातो. पुरण्याआधीची दहा मिनिटे नीट वापरावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

आपल्याकडे किनाऱ्यालगत सर्वाधिक दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन, शास्त्रीय नाव सूसा प्लम्बिया. पाठीवर लांबट उंचवटा, त्यावर छोटा पर, रंग शिशासारखा. २०१४ मध्ये या गटाची फेरमांडणी होऊन चार जाती मानल्या गेल्या: पश्चिम आफ्रिकेची एक, दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंतची आपली, आग्नेय आशिया व चीनची तिसरी आणि ऑस्ट्रेलियाची चौथी. आपली जात जागतिक लाल यादीत ‘धोक्यात’ या वर्गात आहे. हा प्राणी साधारणपणे पंचवीस-तीस मीटरपेक्षा खोल पाण्यात जात नाही. खाडीची मुखे, उथळ गढूळ पाणी हे त्याचे घर. म्हणजे त्याचा मुलूख हजारो किलोमीटर लांब आणि जेमतेम काही किलोमीटर रुंद. अशा चिंचोळ्या पट्टीत शेजारी दोनच, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. मधला एखादा टापू बंदरामुळे, गाळउपशामुळे किंवा दाट जाळ्यांमुळे रिकामा झाला, तर वळसा घालून जायला दुसरी वाट नसते. खोल समुद्रात फिरणाऱ्या जातींचे गणित इथे लावता येत नाही.

प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो? ओमान, टांझानिया, मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिका इथल्या हम्पबॅक डॉल्फिनच्या कातडीच्या नमुन्यांवर २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अरबी किनाऱ्यावरचे आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे प्राणी जनुकीयदृष्ट्या स्पष्ट वेगळे निघाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हे तुटलेपण पृष्ठभागाचे तापमान, पाण्यातले हरितद्रव्य आणि गढूळपणा यांतल्या फरकांशी जुळत होते. मध्ये कुठलीही भिंत नाही, पोहायला मनाई नाही, तरी प्राणी आपल्या ओळखीच्या पाण्यात राहतात. बंगालच्या उपसागरात बांगलादेशच्या किनाऱ्यावर तर शेजाऱ्यांपासून अलग पडलेली एक स्वतंत्र शाखाच आढळली. पाठीवर पर नसलेला फिनलेस पॉरपॉइज आपल्याकडेही आहे. त्याची दोन रूपे तैवानच्या सामुद्रधुनीत मात्सू बेटांजवळ एकाच पाण्यात राहतात आणि तरी त्यांच्यात संकर होत नसल्याचे जनुकांवरून दिसले.

लांबचा पल्ला मारता येणे आणि मिसळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अरबी समुद्रातल्या कुबड्या देवमाशांचे उदाहरण घ्या. उपग्रह-खूण लावलेली ‘लुबान’ नावाची मादी २०१७ च्या अखेरीस ओमानहून निघाली, अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली आणि किनाऱ्याने खाली कन्याकुमारीच्या दिशेने गेली. एवढे पोहणाऱ्या या प्राण्यांचा दक्षिण हिंदी महासागरातल्या भाऊबंदांशी संबंध सुमारे सत्तर हजार वर्षांपूर्वी तुटला, असे त्यांची जनुके सांगतात.

न्यूझीलंडचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे. तिथे हेक्टर डॉल्फिन दक्षिण बेटाभोवती हजारोंनी आहेत. उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांचीच माउई ही उपजात आहे. २०२०-२१ च्या मोजणीत एक वर्षावरचे प्राणी अंदाजे ५४ होते. ही मोजणी दुर्बिणीने केलेली नाही. बोटीतून हलका बाण मारून कातडीचा कण घ्यायचा, त्यावरून त्या प्राण्याची जनुकीय ओळख नोंदवायची, पुढच्या फेरीत तोच प्राणी पुन्हा किती वेळा सापडतो ते पाहायचे आणि त्यावरून एकूण संख्या काढायची. याच कामात माउईंच्या पाण्यात काही हेक्टर डॉल्फिन सापडले. शेकडो किलोमीटर पोहून ते आले होते. पण त्या अभ्यासांत दोघांच्या संकराचे पिल्लू आढळले नाही. पाहुणे आले म्हणून घर भरले असे होत नाही. तिथे जाळ्यांवरचे निर्बंध माउईंची वेगळी संख्या धरून आखले गेले. ‘डॉल्फिन हजारोंनी आहेत’ असे म्हणून ते टाळता आले नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट, जिच्यात शिकलेले लोकही चुकतात. दोन ठिकाणचे प्राणी जनुकीयदृष्ट्या सारखे निघाले, म्हणजे एका ठिकाणची घट दुसरीकडून भरून निघते असे नव्हे. जनुके सारखी राहायला फार थोडी ये-जा पुरते. सोप्या गणिताने, दर पिढीला दहा प्राणी इकडून तिकडे जाऊन वीण करत असतील, तर दोन समूहांतला फरक चाचणीत पकडणेसुद्धा अवघड होते. या डॉल्फिनची पिढी सुमारे पंचवीस वर्षांची. म्हणजे अडीच वर्षांत एक पाहुणा. उलट, एखाद्या टापूत जाळ्यांत दरसाल पाच मरत असतील, तर त्याच पंचवीस वर्षांत सव्वाशे जातात. दहा आले, सव्वाशे गेले. जनुकांच्या अहवालात मात्र ‘फरक आढळला नाही’ एवढेच छापून येईल आणि कोणीतरी त्याचा अर्थ ‘काळजी नको’ असा लावील.

अमेरिकेच्या सागरी सस्तन प्राणी कायद्यात मानवी कारणाने होणाऱ्या मृत्यूंची वार्षिक मर्यादा काढायचे एक सूत्र आहे: समूहाची किमान संख्या, गुणिले कमाल वाढीच्या दराचा निम्मा भाग, गुणिले सुरक्षिततेचा गुणांक. डॉल्फिनसाठी कमाल दर वर्षाला ४ टक्के धरतात, म्हणजे निम्मा २ टक्के. धोक्यातल्या जातीसाठी गुणांक ०.१. आता समजा, हे केवळ हिशेबासाठी, एका किनाऱ्यावर एकूण दोन हजार प्राणी आहेत. तो सगळा एकच समूह मानला तर मर्यादा वर्षाला चार मृत्यू. तो दोनशे-दोनशेच्या दहा समूहांचा असेल तर प्रत्येक टापूत मर्यादा ०.४, म्हणजे अडीच वर्षांत एक मृत्यू. एकसंध मानून दिलेले चारही मृत्यू एकाच तालुक्यासमोर झाले, तर तिथे दहापट जास्त मारले गेले आणि कागदावर सगळे ठीक. समूहाची सीमारेषा कुठे, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्रयोगशाळेचा नाही. त्याच कायद्याखालच्या २०१६ च्या नियमाने मासळी निर्यात करणाऱ्या देशांकडूनही समुद्री सस्तन प्राण्यांच्या अशा मृत्यूंचा हिशेब मागितला आहे. कोळंबी पाठवणाऱ्यांनी याकडे प्राणिप्रेम म्हणून नव्हे, धंदा म्हणून पाहावे.

नमुना कसा घ्यायचा, हे तपशिलाने लिहितो, कारण चुका इथेच होतात.

ताजा मृतदेह असेल तर पाठीच्या पराच्या मागे, जिथे कातडी अखंड आहे तिथून, साधारण एक सेंटिमीटर लांब-रुंद आणि अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ तुकडा घ्यावा. हवी आहे ती वरची काळपट कातडी. खालची पांढरी चरबी शक्य तितकी खरवडून टाकावी, कारण चरबी डीएनए काढण्याच्या कामात आड येते. तुकडा जाड ठेवला तर द्रव आतपर्यंत पोचत नाही आणि मधला भाग कुपीतच सडतो. मोठा तुकडा म्हणजे चांगला नमुना, या समजुतीने वाया गेलेल्या कुप्या सगळ्या संग्रहांत सापडतात. प्रत्येक प्राण्यासाठी नवे पाते. हातमोजे घालावेत, आणि तेही फक्त नमुना स्वच्छ राहावा म्हणून नव्हे. या प्राण्यांतून माणसाला ब्रुसेलासारखे जंतू लागू शकतात.

द्रव म्हणजे ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉल, तुकड्याच्या किमान पाचपट, दहापट असेल तर उत्तम. तुकड्यातले पाणी द्रवात उतरते, म्हणून एक दिवसाने जुना द्रव ओतून टाकून नवा भरावा. ही पायरी हमखास गाळली जाते आणि महिन्याभराने कुपीत लगदा मिळतो. कुपीवर मार्करने लिहू नये, इथेनॉलने शाई पुसते. शिसपेन्सिलीने कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती आत टाकावी. फॉर्मेलीन कधीही वापरू नये. तपासणीसाठी अवयव जपायला ते चांगले, पण डीएनएचे धागे ते एकमेकांत गुंतवून टाकते. शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना हे आधीच सांगावे लागते, कारण त्यांच्या सवयीची बाटली तीच असते.

अडचण अशी की तीव्र इथेनॉलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयाच्या कपाटात ते सहसा नसते. त्यावर तोडगा म्हणजे मीठ आणि डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हे द्रव रसायन) यांचे द्रावण. एक लिटरसाठी सुमारे ९३ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए सातशे मिलिलिटर शुद्ध पाण्यात घ्यावे आणि सोडियम हायड्रॉक्साइड थोडे थोडे घालत सामू (पीएच) ८ पर्यंत आणावा. तोवर ईडीटीए विरघळत नाही, तळाशी पांढरे राहते, म्हणून घाबरून पाणी वाढवू नये. मग दोनशे मिलिलिटर डीएमएसओ, पाण्याने एक लिटर, आणि शेवटी प्रयोगशाळेचे शुद्ध मीठ, विरघळायचे थांबून तळाशी थोडे उरेपर्यंत. या द्रावणात कातडी साध्या तापमानाला अनेक महिने टिकते. डीएमएसओ कातडीतून शरीरात झिरपते आणि सोबत इतर घाणही नेते, तेव्हा हातमोजे इथेही हवेत. यातले काहीच हाताशी नसेल तर सुकटीसाठी ठेवलेले जाडे मीठ घ्या. पातळ तुकडा मिठात पुरून बंद डबीत ठेवला तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सहसा तग धरतो. सॅनिटायझर आणि रंगवलेला स्पिरिट यांच्या नादी लागू नये.

आपल्या उन्हात कातडी फार लवकर सोलवटते. ती गेली असेल तर स्नायूचा खोल तुकडा, तोही हिरवट झाला असेल तर दात. दातामुळे वयही कळते, कारण त्यात वर्षागणिक थर पडतात. नुसता सांगाडा असेल तर कानाचे घट्ट हाड. त्याच्या दाट रचनेत डीएनए सर्वांत जास्त काळ टिकतो, पण त्यासाठी खास प्रयोगशाळा लागते.

नमुन्यासोबतची माहिती नसेल तर कुपीची किंमत निम्मी. तारीख आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत; पाठीच्या वळणावरून टेप फिरवला तर आकडा फुगतो. नर-मादी ओळखायला पोटाकडचा फोटो: मादीत जननछिद्र गुदद्वाराला जवळपास लागून असते आणि दोन्ही बाजूंना स्तनांच्या छोट्या फटी दिसतात, नरात दोन्हींत स्पष्ट अंतर असते. शिवाय दोन्ही बाजूंचे, पाठीच्या पराचे आणि डोक्याचे फोटो. जाळ्याचे वळ, कापलेला पर, दोरीची खूण असेल तर जवळून.

स्थळाबद्दल एक सावधगिरी. मेलेला प्राणी जिथे लागला तिथेच तो राहत होता, असे नसते. आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह नैऋत्य मोसमी काळात दक्षिणेकडे वाहतो आणि थंडीत उत्तरेकडे. जुलैत वेंगुर्ल्याला लागलेला फुगलेला मृतदेह रत्नागिरीसमोरचा असू शकतो. म्हणून कुजण्याची अवस्था नोंदवणे ही निव्वळ औपचारिकता नाही. ताजा मृतदेह स्थानिक मानता येतो, चौथ्या, म्हणजे फार कुजलेल्या अवस्थेतला नाही. विश्लेषणात असे नमुने वेगळे ठेवावे लागतात, नाहीतर वाहून आलेल्या प्रेतांमुळे दोन समूह उगाचच मिसळलेले दिसतात.

प्रयोगशाळेतही खाचखळगे आहेत. बहुतेक ठिकाणी आधी मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकाच्या) डीएनएचा चार-पाचशे अक्षरांचा तुकडा वाचतात. तो स्वस्त आणि कुजलेल्या नमुन्यातूनही मिळतो, पण आईकडून चालत येणाऱ्या आडनावासारखा आहे: बापाकडचा प्रवास त्यात दिसतच नाही. माद्या जन्मजागी राहिल्या आणि नर फिरले, तर या तुकड्यावरून दोन समूह अगदी वेगळे दिसतील आणि केंद्रकातल्या डीएनएवरून मिसळलेले. दोन्ही पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. जनुकांची कोणती रूपे कुठे किती वेळा आढळतात याची तुलना करायची तर प्रत्येक टापूतून पंचवीस-तीस तरी नमुने हवेत. आई आणि तिचे पिल्लू एकाच जाळ्यात मेले आणि दोघांना स्वतंत्र नमुने धरले, किंवा एकाच प्राण्याच्या दोन कुप्या दोन नावांनी गेल्या, की त्या टापूचे वेगळेपण फुगते. आणखी एक सापळा: मुंबई आणि मालवण इथूनच नमुने घेतले, मधला रायगड-रत्नागिरी सोडला, तर हळूहळू बदलत जाणारी एकच साखळीसुद्धा संगणकाला दोन वेगळे गट म्हणून दिसते. म्हणजे मधल्या तालुक्यांतले नमुने जास्त मोलाचे, आणि कमी मिळतात तेही तिथूनच.

याउलट, साम्य दिसले तरी ते आजचे असेलच असे नाही. वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगाच्या शिखरावर समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. मुंबईसमोरचा रुंद उथळ पठारी भाग तेव्हा कोरडी जमीन होता आणि किनारा कितीतरी पश्चिमेला. आजच्या कोकणातल्या खाड्यांत हे प्राणी त्यानंतर पाणी वर आले तेव्हाच आले असणार. दहा हजार वर्षे म्हणजे त्यांच्या अवघ्या चारशे पिढ्या. तेवढ्यात दोन टापूंतली ये-जा पूर्ण थांबली असली, तरी समान पूर्वजांच्या खुणा दोन्हीकडे राहतात. हल्लीची ये-जा मोजायची तर डीएनएतल्या हजारो खुणा वाचून सख्खे-चुलत नाते शोधावे लागते: मालवणच्या पिल्लाचा बाप रत्नागिरीत सापडला, तर तो खरा पुरावा.

कायद्याचे भान हवे. हे प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि कलम ३९ नुसार मृतदेह सरकारी मालमत्ता आहे. मच्छीमाराने किंवा पर्यटकाने स्वतः कातडी कापू नये, दात तर अजिबात नेऊ नये. वन विभागाला किंवा त्याच्याच कांदळवन कक्षाला (खारफुटी आणि समुद्री जीव पाहणाऱ्या शाखेला) कळवावे, फोटो काढावेत, आणि भरतीच्या पाण्याने वाहून जाऊ नये म्हणून दोरी बांधून ठेवावी. नमुना घेण्याचा अधिकार वन विभागाने लेखी दिलेल्या माणसाला असावा, आणि तो आदेश दरवेळी मागावा लागू नये, कायमचा असावा. परदेशी पाठवायला जैवविविधता कायद्याखालची मंजुरी आणि साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराखालचा परवाना लागतो, पण त्याची गरजही फारशी नाही. हैदराबादला सीसीएमबी या पेशी व रेणूजीवशास्त्राच्या संस्थेची वन्यजीव प्रयोगशाळा आहे, डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे.

त्यामुळे मागणी खर्चिक नाही. सागरी तालुक्यांतल्या प्रत्येक परिक्षेत्र कार्यालयात एक डबा: द्रावण भरलेल्या वीस कुप्या, पाती, हातमोजे, पेन्सिल, टेप, छापील नोंदपत्र. प्रत्येक प्राण्याच्या दोन कुप्या भराव्यात आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, कारण एकाच शीतपेटीची वीज गेली की सगळा संग्रह जातो. वनरक्षकांना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण पुरे, तेही मे महिना संपण्याआधी.

आणि कोकणातल्या महाविद्यालयांना विनंती. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डॉल्फिनची जुनी कवटी असेल, तर ती स्वच्छ करण्यासाठी उकळू नका, ब्लीच किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवू नका, वर व्हार्निश चढवू नका. या सगळ्यांनी उरलासुरला डीएनए जातो किंवा तो मिळवणे अवघड होते. सापडल्याची जागा आणि वर्ष जुन्या नोंदवहीतून शोधून तिच्यावर चिठ्ठी लावा आणि कांदळवन कक्षाला लेखी कळवा. आज ज्या टापूत डॉल्फिन विरळ झाले आहेत, तिथला पूर्वीचा नमुना अशाच एखाद्या कपाटातून मिळू शकतो.

आपले,
कोकण किनाऱ्यावरील समुद्री सस्तन प्राण्यांचे काही अभ्यासक